काडीवाल्याची दाढी

३ जून
आज सकाळी देवाचं नाव घेऊन वस्तऱ्याला धार लावली आणि मनोरुग्णालयात न्हावी म्हणून रुजू झालो. पन्नाशीच्या तोंडावर सरकारी नोकरी, कृपाच म्हणायची. खोली उजेडाची, खुर्ची भक्कम.

वॉर्ड मात्र हुक्कीवाल्यांचा. एकजण स्वतःचे केस उपटून खातो, दुसरा दिसेल ते पेटवतो, त्याला सगळे काडीवाला म्हणतात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ऊर्मी शिंकेसारखी असते, आधी चाहूल लागते. तेवढ्यात कुणाला सांगितलं की जोर ओसरतो. म्हणून इथला नियम : चाहूल लागली की मोठ्याने 'आली' म्हणायचं. मग बाकीचे हातातलं टाकून त्याच्याजवळ येऊन बसतात. नुसता पोरखेळ. आमच्या शाळेतल्या मास्तरांच्या एका छडीत सगळ्यांची हुक्की उतरली असती.

७ जून
मी दाढी करत असताना काडीवाला 'आली' म्हणाला. मी विचारलं, कोण, सासू का? सगळे हसले, तोही हसला. वर म्हणतो, काका, तुम्हाला आली तर हाक मारा, मी येऊन बसेन. हा मला शिकवणार. जन्मभर उपास-जप करून मन बांधलेल्या माणसाला.

१२ जून
काडीवाल्याने मान मागे टाकून डोळे मिटले. गळ्याची शीर उडत होती. वस्तरा तिथे थांबला. मी थांबवला नव्हता. बोटांना वाटलं, दाबावं.
उष्णतेने होतं असं. बायकोला बोललो नाही.

१५ जून
पुन्हा. त्याच्याच गळ्याशी. जप केला, बोटं ऐकेनात. डोळे न उघडताच त्याने विचारलं, काका, आली का? म्हटलं, मी तुझ्यासारखा रिकामटेकडा नाही.
हात कापत होता — नाही. अगदी स्थिर होता.

१८ जून
रजा मागावी तर कारण सांगावं लागेल. त्या केसखाऊच्या देखत 'आली' म्हणू? त्यापेक्षा मेलेलं बरं. उद्या पुन्हा काडीवाल्याची दाढी.

१९ जून
केलं एकदाचं. त्याला खुर्चीत बोलावण्याआधी उजवा हात लोखंडी दारात धरला आणि दार लोटलं. बोटं मोडली. सगळ्यांना अपघात सांगितला. हाताला प्लास्टर घालून आजची रात्र मला इथल्याच वॉर्डात खाट दिलीय. याला म्हणतात मनावर ताबा.

काडीवाला दुपारपासून माझ्या खाटेशी बसलाय. कुणी बोलावलं होतं? आता पेंगतोय, मान मागे —
डाव्या हाताने लिहितोय. पेन टोकदार आहे. डावा हात मघापासून —
हाक मारली तर उठेल. एकच शब्द. पण असल्या माणसाला मी