खुंटीवरचा वीरभद्र

दिल्ली, १२ जुलै २०२४

ती. अप्पांना सोमलिंगाचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही ऐकत न्हाईत, म्हणून लिहितोय. धाकट्या शिवांजलीकडून दोनदा वाचून घ्या.

म्युझियमात मी चित्रं चिकटवायची गव्हाची खळ शिजवतो, दिवा धरतो. चीन, जपान, नेपाळची जुनी चित्रं आमच्या तिथल्या मॅडम कापसाच्या बोळ्यानं पुसतात. नेपाळचा एक कापडी देव तेलानं पार काळा झालाय. दोन महिन्यांत तळहाताएवढा उजळला.

अप्पा, आपला पणजोबांचा कापडावरचा वीरभद्रही तसाच काळवंडतोय. तुम्ही श्रावणात सोमवारी करडईचं तेल लावता, डोळे चमकतात, पण घटकाभरच. औंदा तेल, दिवा, उदबत्ती काहीच नको. हातसुद्धा लावू नका.

जिवाला जपा, माया असू द्या.
सोमलिंग

जळकोट, ९ ऑगस्ट २०२४

चि. सोमलिंगास अप्पाचे अ. उ. आ.

माझे डोळे अधू, शिवांजली लिहितीय. चौथीतून पळालेलं पोरगं देवाची दवा सांगतंय म्हणून आधी लई हसलो. पण दिल्लीची शिकलेली माणसं खोटं कशाला सांगतील? सगळं बंद केलं.

सोमवारी देव तसाच उपाशी. मला घास उतरंना. पूजा मोडलेला देव घरात ठेवू नये, ही आपली रीत तुला ठाऊकच. मठातल्या स्वामींनीही तेच सांगितलं. मग नव्या धोतरात गुंडाळून नळदुर्गाला बोरी नदीत मानानं सोडला. खुंटीला आता काचेतला छापील वीरभद्र हाय, तेलाची भानगडच न्हाय. तुझ्या शब्दाबाहेर गेलो न्हाय बघ.

वेळेवर जेवत जा, आमची आठवण ठेव.
अप्पा

दिल्ली, १८ ऑगस्ट २०२४

चि. शिवांजलीस दादाचा आशीर्वाद.

हे अप्पांना वाचू नको. मोबाइलातला फोटो बघून मॅडम म्हणाल्या होत्या, दिवाळीला वीरभद्र घेऊन ये, आम्ही नीट करून परत देऊ. दुसऱ्याच दिवशी तुमचं पत्र आलं.

आज रविवार. चित्र कसं वाचवतात ते लोकांना दाखवायचा कार्यक्रम होता. मॅडमनी माईकवर सांगितलं, आमचा सोमलिंगही घरचं चित्र आणणार हाय. टाळ्या पडल्या. मीही हो म्हणून मान हलवली.

चूक माझीच. काय करू नका ते सगळं लिहिलं, काय करा ते लिहिलंच न्हाय. आता कुणावर रागवू?

अप्पांनी विचारलं तर एवढंच वाच, दादा म्हणतो बरं केलंत.

भावावर जीव असू दे.
सोमलिंग