जिचे पाय जड, ती पुढे

सिस्टर, तुम्ही ज्या वाटांवरून आम्हाला पळवायचात त्यांची आता जाहिरात होणार आहे. कारंज्यात पळणाऱ्यांचा एक गट निघालाय. दोन डॉक्टर, एक वकील, बाकी दुकानदारांची मुलं-सुना, सगळ्यांच्या पायात झगझगीत बूट. तलावाची पाळ, मागची टेकडी आणि बंजाऱ्यांच्या तांड्यावरून येणारा फेरा, अशा तीन वाटांची माहिती त्यांना गटाच्या अंकात छापायची आहे, 'निसर्गरम्य' या शब्दासकट. गटातली एक दातांची डॉक्टर माझ्याकडे आली. म्हणाली, काकू, या वाटा तुमच्याइतक्या कोणाला ठाऊक नाहीत, तुम्हीच लिहा, आणि टेकडीची वाट पहिल्यांदा कोणी शोधली तेही दोन ओळींत येऊ द्या. त्या दोन ओळींनी मला आठ दिवस छळलं. गावातली जुनी माणसं अजून सांगतात की मिशनच्या शाळेतली एक सिस्टर पोरीला डोंगरात टाकून आली, म्हणून तिला इथून हलवलं. तुम्ही टाकून आला नव्हतात. मी आले होते. हे लिहायचं की नाही, एवढाच प्रश्न आहे, आणि अडुसष्ट वर्षांच्या बाईला तो अवघड जातो याची मला चीड येते.

तुम्ही दक्षिणेतून आलेल्या. मराठी शिकलात ती आमच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात, भाकरी थापणाऱ्या बाईकडून. त्यामुळे बायबल इंग्रजीत आणि रागावणं वऱ्हाडीत, असा तुमचा कारभार होता. शनिवारी चारच्या सुमाराला झग्याचा घोळ कमरेला खोचून तुम्ही आम्हाला घेऊन निघायचात. पाळीवरून सरळ, पुढे पळसाच्या रानातून टेकडीवर, आणि माथ्यावरच्या फाट्याला उजवीकडे वळून परत. डावी वाट तांड्यावर जायची. पळायचा तुमचा नियम साऱ्या जगाच्या उलटा होता. "जिचे पाय जड, ते पुढं राहीन. बाकीच्यायनं तिच्या मांगं राहाचं." मी शाळेत सगळ्यात जलद. आणि माझ्यापुढे कोण, तर कारंज्याच्या एका जैन व्यापाऱ्याची मुलगी, गोरी, गुबगुबीत, घरी पाण्याचा तांब्याही न उचललेली. बापाला तिला इंग्रजी यायला हवं होतं, म्हणून ती वसतिगृहात. ती पावलं टाकते, थांबते, वेणी सावरते, आणि आम्ही बावीस जणी तिच्या मागे बैलगाडीमागच्या मोटारीसारख्या. मी कुरकुरले की तुम्ही म्हणायचात, "पाय काहून आपटून राह्यली? थे चालते तवा तूबी चाल."

त्या शनिवारी चढाच्या आधीच एकीचा पाय मुरगळला. तिला धरून परत न्यायला तुम्ही वळलात आणि मला शेवटी उभं केलंत. मी शेवटी राहायचं, व्यापाऱ्याच्या मुलीच्या पुढे कोणी जायचं नाही, माथ्यावर सगळ्या जमल्या की उजवीकडे वळायचं. इतकं साधं होतं. तुम्ही झाडांआड होईपर्यंत मी थांबले. मग बाजूने निघून पुढे गेले. मी पुढे गेले तशा बाकीच्याही सुटल्या, हसत, ओरडत, त्या पोरीला मधे टाकून. माथ्यावर मी थांबले नाही. पाळीवर येईपर्यंत मागे वळून पाहिलं नाही. सिस्टर, खरं सांगते, तसं पळणं मला पुन्हा कधी जमलं नाही.

ती फाट्यावर डावीकडे गेली. दिवेलागणीला तांड्यावरची एक बाई तिला हाताला धरून घेऊन आली, आणि तुम्हाला नाही नाही ते बोलली. इतक्या बाया असून लेकराकडं ध्यान नाही, असं काहीसं. पोरीला कुठे लागलेलं नव्हतं. पण दिवस मावळला होता आणि मावळल्यावर ती जेवत नसे. तिचं ताट तुम्ही रोज सूर्य असताना वेगळं वाढून घ्यायचात. ते झाकलेलं ताट तुम्ही तिच्यापुढे ठेवलंत, तिने मान हलवली. तुम्ही आग्रह केला नाहीत. तिच्याजवळ बाकावर बसलात आणि स्वतःही जेवला नाहीत. मी जेवले. वांग्याची भाजी होती. दोनदा घेतली.

सोमवारी तिचे वडील आले. शाळेच्या मोठ्या मदरच्या ऑफिसात मला बोलावलं, तुम्ही खिडकीशी उभ्या. मदरनी विचारलं, तिला सोडून पुढे कशा आलात. मी इंग्रजीत उत्तर दिलं, स्वच्छ, तुम्हीच शिकवलेल्या उच्चारांत, की सिस्टरनीच पुढे जायला सांगितलं होतं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मला वाटलं, आता. आणि तुम्ही मराठीत म्हणालात, "हो. मीच म्हटलं." त्या व्यापाऱ्याला कळावं म्हणून मराठीत. तो मुलीची ट्रंक घेऊन गेला. शनिवारचं पळणं बंद झालं. पंधरा दिवसांत तुम्ही एस.टी.ने दुसरीकडे गेलात, आणि त्या पंधरा दिवसांत मला एक शब्द बोलला नाहीत. रागावला असता तर मी रडले असते, पाया पडले असते, संपलं असतं. याचा मला अजून राग आहे. क्षमा करणाऱ्या माणसांना वाटतं त्यांनी फार मोठं काम केलं. समोरच्याला ते सामान आयुष्यभर वाहावं लागतं. तुम्ही वारल्याचं मला कळलं तेही चार वर्षं उलटल्यावर, कोणाच्या तरी बोलण्यातून.

पुढे मी खेळाची शिक्षिका झाले. तीस वर्षं पोरी पळवल्या, आणि जलद पोरगीच पुढे ठेवली. जिंकायचं म्हणजे तसंच. ती व्यापाऱ्याची मुलगी आता आजी झाली आहे, कारंज्यातच असते. गेल्या महिन्यात बाजारात दिसली तेव्हा मी मेथीची जुडी हातात धरून तिला सगळं सांगितलं, ऑफिसातलं खोटंही. तिने ती जुडी माझ्या हातातून घेतली, मुळांची माती झटकली. मग म्हणाली, "मले पुढं पळाचा लय तिटकारा होता. साऱ्यायचे पाय मांगून वाजत. त्या दिवशी पयल्यांदा मांगं कोणी नव्हतं, तर मी डावीकडं काय हाये ते पाहाले गेली." मी सुटकेचा श्वास घेणार तोच जुडी पिशवीत टाकत ती म्हणाली, "पन शाळा सुटली ना माय." आणि बटाट्याचा भाव विचारू लागली. सिस्टर, तुम्ही तिला कधी विचारलं होतंत का, पुढे राहायला आवडतं का म्हणून? नाही विचारलंत. मीही नाही.

परवा रविवारी त्या गटाबरोबर मी वाट दाखवायला गेले. दातांची डॉक्टर म्हणाली, काकू, तुम्ही पुढे राहा, आम्ही तुमच्या मागून येतो. तिने सौजन्याने म्हटलं. पण सिस्टर, चौदा माणसांचे बूट मागे वाजतात, कोणी पुढे जात नाही, सगळे माझ्यासाठी दम राखून आहेत हे पाठीला कळतं, आणि गुडघे ऐकत नाहीत. अर्ध्या चढावर छाती भरून आली. मी थांबले आणि हात करून म्हणाले, इथून पाहा, अख्खा तलाव दिसतो. सगळ्यांनी फोन काढले. डॉक्टरने लगेच टिपून घेतलं, 'व्ह्यू पॉइंट'. आता तो छापला जाईल. तांड्यात अर्ध्या घरांना कुलपं होती, माणसं ऊसतोडीला गेलेली. वकील म्हणाला, किती शांत आहे इथं. मी त्याला सांगितलं की ही शांतता कारखान्याच्या फडात कोयते चालवते आहे, तिथे जाऊन फोटो काढा. तो ओशाळला. मला बरं वाटलं. दुसऱ्याला ओशाळवणं मला नेहमीच सोपं गेलं आहे.

घरी येऊन मी पान लिहिलं. अंतर, चढ, पाणी कुठे, कुत्री कुठे. आणि खाली लिहिलं की टेकडीची वाट एका सिस्टरनी शोधली, त्यांनी कोणाला डोंगरात टाकलं नाही, टाकणारी मी, आणि खोटं बोलणारीही मीच. डॉक्टरने उभ्या उभ्या वाचलं. तिचा चेहरा उतरला. म्हणाली, "काकू, हे खूप मोठं आहे. पण रस्त्याच्या माहितीत नको ना. लोक पळायला येतात." मग म्हणाली, सिस्टरांबद्दल वेगळं लिहून द्या, आमच्या अंकात पहिल्या पानावर घेते, कितीही लांब होऊ द्या. मी तिला सोडलं नाही. तुमच्या पिढीला निसर्ग पाहिजे आणि माणसं नकोत, असं बरंच काही सुनावलं. ती मान खाली घालून ऐकत होती, आणि पेन्सिलीने त्या ओळी खोडत होती. मी इतक्या जोरात बोलत होते, सिस्टर, कारण आतून मला सुटल्यासारखं वाटत होतं.

तिला हवं होतं ते हे, वेगळं, लांब, सगळं. लिहून झालं आहे. उद्या सकाळी ती न्यायला येईल. मी सांगणार आहे की वेळ मिळाला नाही.