चुलीवरच्या फळीवरचा डबा

रुचिकाच्या आजोबांना तिच्या आजीचा नमस्कार.

चष्मा शोधू नका, कपाळावरच असेल.

पुण्यात मी मजेत आहे. मी बोलते, नात लिहिते. खोट काढायची तर तिची काढा.

तिने कॉलेजच्या लॅबमध्ये भिंगातून तुमच्या फिटच्या गोळीचे कण दाखवले, खडीसाखरेसारखे. तापवल्यावर त्यांच्या सुया झाल्या. औषध तेच, पण अंगात नीट विरघळत नाही, म्हणे.

ओल लागू नये म्हणून आपण गोळ्या चुलीवरच्या फळीवर ठेवतो. तुमचा डबा तिथेच आहे, आधी गोकुळचा होता. नेमाने गोळी घेऊनही आपलं पोर गेलं. डोळे मिटले की तो अजून डबा वाजवतो.

उष्णतेनंच का, हे त्याच्या लेकीला विचारायचं धाडस होत नाही. आता लिहिताना तिचा पेन थांबलाय.

आजच नंदुरबारहून नव्या गोळ्या आणून देवघरात ठेवा.

ज्वारीच्या बिबड्या पाठवा, गोकुळला आवडायच्या तशा. कडक उन्हात वाळवा. त्यांना ऊन सोसतं.