दोन देशांचे ढेकर आणि आमची तांबडी

प्रति,
मा. उपसंचालक,
पशुधन वायू-मापन विभाग,
जिल्हा कार्यालय, दुसरा मजला.

विषय : तुलनेसाठी परदेशी नेलेल्या तांबड्या गायीसंबंधी आपण अर्जदाराच्या घरी समक्ष येण्याबाबत.

संदर्भ : आपले गेल्या सोमवारचे पत्र.

महोदय,

अर्जदार हा निवृत्त बस कंडक्टर असून त्याच्या घरी एकच गाय होती. ती जन्मली तेव्हाच तिची आई गेली, म्हणून अर्जदाराच्या पत्नीने तिला बाटलीने दूध पाजून वाढवले. ती पत्नीखेरीज कोणाला धार काढू देत नसे. अर्जदाराने एकदा प्रयत्न केला होता. गुडघा अजून दुखतो.

आपण स्वतः घरी येऊन समजावलेत की, गाय रवंथ करताना ढेकर देते, त्यातून वायू निघतो व हवा तापते. आपल्या देशाची गाय जास्त वायू सोडते की तुलनेला घेतलेल्या परदेशाची, हे ठरवायचे आहे. पत्नी म्हणाली, "ढेकर तर हेही देतात. यांना घेऊन जा." आपण मनापासून हसलात. "देशाचं काम आहे, काकू. उन्हाळ्याच्या आत परत आणून सोडतो," हे आपले शब्द. तेव्हा ती तयार झाली.

तांबडीला आधी इथल्या काचेच्या खोलीत ठेवले. चाऱ्याचा निधी मंजूर न झाल्याने तिला कोरडे काड खाऊ घातले. मग विमानाने तिकडे नेले, तिथे हिरवे गवत व धान्य दिले. दूध वाढले आणि दर लिटरमागे वायू निम्म्यावर आला. पुढे वर्तमानपत्रात दोन फोटो शेजारी शेजारी छापून आले : इकडची गाय मागासलेली, तिकडची सुधारलेली. पत्नीने चष्मा पुसून पाहिले व म्हणाली, "अहो, दोन्हीकडे आपलीच आहे की!"

अर्जदार हे सांगायला आपल्या कार्यालयात आला. खाणे बदलले तर ढेकर बदलतो, मग गायीची बदनामी कशासाठी, असे त्याने विचारले. आपण म्हणालात, "चाऱ्याचा विषय आमच्या विभागाकडे येत नाही. आम्ही फक्त वायू मोजतो." गाय परत मागितली तेव्हा उत्तर मिळाले की, तिची नोंद आता तिकडच्या देशात झाली आहे, ती परत आल्यास आपल्या देशाचा वायू नाहक वाढेल. अर्जदाराने आयुष्यभर बसमध्ये विनातिकीट माणसे पकडली, पण ढेकर आयात करण्याचा गुन्हा त्याने प्रथमच ऐकला.

सोमवारच्या पत्रात आपण कळवता : "प्रयोग पूर्ण झाल्याने सदर जनावराची नियमानुसार विल्हेवाट लावण्यात आली. त्यामुळे एकूण उत्सर्जनात तेवढी घट झाली. सहकार्याबद्दल आभार."

महोदय, भरपाईची रक्कम अर्जदारास नको. आपण दुसरी गाय देऊ केलीत, तीही नको. एकच विनंती आहे. पत्नी रोज गोठा झाडते. अर्जदार आपल्या कार्यालयातून परतला की ती दारातच विचारते, "काय म्हणाले साहेब?" आजवर "साहेब जेवायला गेले होते", "साहेब दौऱ्यावर आहेत" असे सांगून त्याने वेळ मारून नेली. सोमवारपासून त्याला घरात तिच्यासमोर बसणे अशक्य झाले आहे. ती काल म्हणाली, "तुम्ही जेवत का नाही?"

तरी आपण सवडीने, दिवसाउजेडी घरी यावे व विल्हेवाट म्हणजे काय, ते तिला स्वतःच्या तोंडाने सांगावे. अर्जदाराच्या तोंडून तो शब्द निघत नाही.

उत्तर लेखी नको, समक्ष हवे, एवढ्याच आग्रहासह,

आपला,
अर्जदार
(सही)

दिनांक : टपालाच्या शिक्क्याप्रमाणे

सोबत : १. आपल्या पत्राची प्रत. २. वर्तमानपत्राचे कात्रण.
मूळ पत्र अर्जदाराने घरी ठेवलेले नाही.