उभ्या गाडीची गळती

॥ श्री ॥

सुदामा नगर, इंदूर
२१ ऑगस्ट १९९२

चि. सौ. इंदूस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र आणि धनेशरावांनी नोकरीसाठी पाठवलेला फॉर्म, दोन्ही मिळालं. फॉर्मचं नंतर लिहितो, आधी एक जबरदस्त बातमी ऐक.

परवा तुझ्या वहिनीची दाढ काढायला तुकोगंजात गेलो होतो. ती आत, मी बाहेर. शेजारच्या बंगल्यात चार माणसं एक मोटार ढकलत होती. मोटार म्हणजे काय सांगू! १९५३ सालची अमेरिकन, बाटलीसारखी हिरवी, आपल्या पुढच्या खोलीपेक्षा लांब. मी हातभार लावायला गेलो आणि पाहतो तर फरशीवर लाल तेलाचं थारोळं. मग कुणाला न विचारता खालीच शिरलो. तुझी वहिनी गाल धरून बाहेर आली तेव्हा तिला नवऱ्याच्या नुसत्या चपला दिसल्या.

मालकांचं नाव जयसिंगराव, वय चौऱ्याहत्तर. यांचे आजोबा होळकर सरकारात अंमलदार होते. गाडी ऑटोमॅटिक आहे, म्हणजे क्लच नाहीच, गिअर आपोआप बदलतात. तेल गळतं ते त्या गिअरबॉक्समधून. शहरातल्या चार मिस्तऱ्यांनी हात टेकले. गंमत म्हणजे मिस्तऱ्याकडे नेली की एक थेंब पडत नाही, घरी आणून ठेवली की पुन्हा थारोळं! त्यांचा माळी म्हणतो की गाडीला बंगला सोडवत नाही, म्हणून रडते. मी म्हटलं की मिलमध्ये एकतीस वर्षं गिअर बघितलेत, लोखंड रडत नाही, त्याला कारण असतं. जयसिंगराव हसून म्हणाले की तो फिर मिस्तरीजी, ढूंढिए कारण.

उद्यापासून जातोय. धनेशरावांना नमस्कार, सुरभीला गोड पापा. तुमच्या सर्वांच्या खुशालीचं पत्र लवकर येऊ दे.

तुझा
दादा

॥ श्री ॥

पुणे
१ सप्टेंबर १९९२

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

फॉर्मचं नंतर लिहितो म्हणालास आणि पत्र संपवून मोकळा झालास! लहानपणी गणिताचा पेपर आईपासून असाच लपवायचास. मी तुझी बहीण आहे हे विसरू नकोस.

दादा, मिल बंद होऊन नऊ महिने झाले. ती उघडेल म्हणून तुम्ही सगळे फाटकाशी जाऊन बसता, हे मला वहिनीच्या पत्रांतून कळतं. इथे चिंचवडला यांच्या कंपनीत स्टोअरमध्ये जागा आहे. सावलीत बसून काम, वर पंखा. दोन नोव्हेंबरला हजर व्हायचं आहे. यांनी साहेबांना शब्द दिलाय, आणि हे शब्द देताना किती वेळ खाकरतात ते तुला माहीतच आहे. आमच्या मागच्या दोन खोल्या तुमच्यासाठी रिकाम्या करून ठेवल्या आहेत.

त्या मोटारीतून तुला काय मिळणार, माखलेला सदरा? तुला धड स्कूटर चालवता येत नाही, गर्दी दिसली की सायकलवरूनही उतरतोस. म्हणे ऑटोमॅटिक! राग मानू नकोस. काळजी वाटते म्हणूनच एवढी बडबड करते. वहिनीची दाढ आता कशी आहे ते कळव, आणि माया आहे तशीच राहू दे.

तुझी
इंदू

॥ श्री ॥

इंदूर
१२ सप्टेंबर १९९२

सौ. इंदूताईंस स. न. वि. वि.

हे पत्र मी यांना न सांगता लिहिते आहे. दाढ बरी आहे.

तुम्हाला एक गोष्ट कळवली नव्हती. मिलला कुलूप लागलं त्या आठवड्यात यांनी हत्यारांची पेटी पलंगाखाली सरकवली आणि मला सांगितलं की भंगारवाला आला तर देऊन टाक. मी दिली नाही. पण नऊ महिन्यांत यांनी तिला हात लावला नाही. घरचा नळ गळायला लागला तर शेजारच्या शामभिया प्लंबरला बोलावलं! मला त्या दिवशी फार रडू आलं.

आता गेल्या महिन्याच्या बावीस तारखेपासून ती पेटी रोज सायकलला बांधून तुकोगंजात जाते. येताना हे गाणं म्हणत येतात, तेही बेसूर. कालपासून तर घरची सगळी रद्दी उचलून नेतात. गाडीखाली पसरतात आणि तेलाचे डाग पडतात का ते बघतात म्हणे. जेवताना बोलणं एकच, थेंब.

पण मनात धाकधूक आहे. जयसिंगरावांचे चिरंजीव यशवर्धन मुंबईला असतात. त्यांनी गाडीला गिऱ्हाईक पाहिलंय आणि खंडेनवमीला ते त्याला घेऊन येणार आहेत. तोवर गळती थांबली नाही तर जयसिंगराव गाडी विकणार आहेत. ती गाडी तशीच गळत गेली तर पेटी पुन्हा पलंगाखाली जाईल आणि हे तुमच्याकडे येतील, पण कसे येतील ते मला बघवणार नाही. म्हणून हात जोडून सांगते, पुण्याची जागा सोडू नका, पण यांना सध्या पत्रातून त्याबद्दल विचारूही नका. जमेल ना?

तुमची
शांता

॥ श्री ॥

इंदूर
२० सप्टेंबर १९९२

चि. सौ. इंदूस आशीर्वाद.

इंदू, सापडलं! सापडलं! घाईत लिहितोय, अक्षर लावून वाच.

मी काय केलं, गाडी चार मैल फिरवून आणायला लावली आणि उभी केली. खाली रोज नवा कागद, त्यावर तारीख. पहिल्या दिवशी कोरा. दुसऱ्या दिवशी कोरा. चौथ्या दिवशी दोन टिपके. सातव्या दिवशी ताटाएवढा डाग. आठव्या दिवशी मी खाली पाठ टेकून पडलो होतो आणि एकदम मिल आठवली. आठवड्याच्या सुट्टीनंतर कामावर गेलो की जुन्या मशीनखाली हमखास तेल असायचं, आणि दिवसभर मशीन चाललं की गळती बंद. का? मशीन थांबलं की वरचं तेल खाली उतरतं, पातळी चढते आणि दांड्याच्या सीलमधून बाहेर येतं. आम्हाला ते इतकं पाठ होतं की त्याचा कधी विचारच केला नाही.

इथेही तेच! इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये एक गोल भांडं असतं, तेलाने भरलेलं. गाडी उभी राहिली की त्यातलं तेल हळूहळू गिअरबॉक्सच्या तळात उतरतं. गिअर टाकायचा दांडा जिथून आत जातो तिथलं सील वाळून कडक झालंय. एरवी तेल तिथपर्यंत पोचतच नाही, उभ्या गाडीत पोचतं. मिस्तऱ्यांकडे गाडी चालत जायची, तेल वर असायचं, मग त्यांना काय दिसणार कपाळ?

आणि ही गाडी वर्षातून एकदाच, दसऱ्याला बाहेर निघते. वडिलांची गाडी, तिला ऐऱ्यागैऱ्या कामाला कशी काढायची! रोज पुसायची, खंडेनवमीला तलवारींबरोबर पूजा करायची, तेल कमी दिसलं की वरून डबा ओतायचा. मान म्हणून उभी ठेवली आणि उभी ठेवली म्हणून गळली. जयसिंगरावांना हे सांगताना मी जरा घाबरलोच होतो. ते म्हणाले की म्हणजे दोष आमचाच.

सियागंजात दोन दिवस दुकानं पालथी घालून शेवटी एका पंपवाल्याकडे त्या मापाचं सील मिळालं. आज बसवलं. आता गाडी चौदा दिवस हलवायची नाही, म्हणजे खंडेनवमीलाच निकाल. त्यानंतर मात्र ती दर आठवड्याला चालली पाहिजे. जयसिंगरावांना डोळ्यांमुळे लांबचं चालवणं झेपत नाही, म्हणून ते दुसऱ्या एका गाडीवर मलाच शिकवताहेत. हसू नकोस!

बाकी क्षेम. पत्राची वाट पाहतो.

तुझा
दादा

॥ श्री ॥

पुणे
२८ सप्टेंबर १९९२

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि यांना जेवता जेवता मोठ्याने वाचून दाखवलं. यांनी भाताच्या मुदीचा गिअरबॉक्स करून मला समजावलं. आमटी चौथ्या दिवशी कुठून बाहेर येईल तेही दाखवलं. सुरभी विचारते की मामा मोटार चालवतो तेव्हा रस्त्यावर बाकी कुणी असतं का.

पण दादा, एवढ्या आनंदाच्या पत्राला खोट्याने उत्तर देववत नाही. ती जागा स्टोअरची नाही. गेटवरची आहे. खाकी कपडे घालून गाड्यांचे नंबर वहीत लिहायचे. गेटचं ऐकून तू येणार नाहीस म्हणून मी स्टोअर म्हटलं, इथे आल्यावर हळूच सांगू असं ठरवलं होतं. यांचा त्यात काही दोष नाही. माझ्या मनात एकच होतं, की तुम्ही दोघं माझ्या डोळ्यांसमोर असावीत आणि घरात पगार यावा. चुकलं माझं. रागव, पण अबोला धरू नकोस.

खंडेनवमीला मी इथे देवापाशी समई लावून बसणार आहे. निकाल तारेने कळव, पैसे जाऊ देत.

तुझी
इंदू

॥ श्री ॥

इंदूर
९ ऑक्टोबर १९९२

चि. सौ. इंदूस अनेक आशीर्वाद.

तार मिळालीच असेल. त्यात फक्त ‘कोरडी’ एवढंच लिहिलं, तारबाबूने दोनदा विचारलं की बाई कोण. आता सविस्तर.

यशवर्धन आदल्या दिवशीच आले, गिऱ्हाईक बरोबर. खंडेनवमीच्या सकाळी पूजेआधी सगळे गाडीभोवती जमले. मला खाली बघायचा धीर होईना. शेवटी यशवर्धनच पांढऱ्या पँटमध्ये फरशीवर आडवे झाले, बॅटरी मारून इकडून तिकडे पाहिलं, कागद ओढून काढला. चौदा दिवसांचा कागद, एक टिपका नाही! उठून ते वडिलांना म्हणाले की बाबासाहेब, ये तो कमाल हो गया. जयसिंगरावांनी गिऱ्हाइकाला चहा पाजला आणि तुमची गाडी दुसरीकडे बघा म्हणून सांगितलं. मला तिथेच नाचावंसं वाटलं, खरं सांगतो.

मग पूजा. पाटावर त्यांच्या तीन तलवारी आणि एक कट्यार मांडली होती. मी मागे हात बांधून उभा. मिलमध्ये या दिवशी आम्ही मशीनला हार घालायचो, पेढे वाटायचो. यंदा फाटकाला कुलूप, म्हणून तुझ्या वहिनीला मी बजावलं होतं की आपल्याकडे काही करायचं नाही. जयसिंगरावांनी वळून विचारलं की मिस्तरीजी, तुमची शस्त्रं कुठे आहेत. मला आधी कळेचना. त्यांनी माळ्याला पाठवून माझी पेटी आणवली, तलवारी स्वतःच्या हाताने बाजूला सरकवल्या आणि माझे पाने, हातोडी, स्क्रू ड्रायव्हर ओळीने त्याच पाटावर मांडले. मला हळद-कुंकू वाहायला लावलं. इंदू, मी सगळ्यांसमोर रडलो.

त्यांच्या बंगल्यामागे एक रिकामी मोटारखोली आहे, तिथे मी काम सुरू करावं असं त्यांनी सुचवलं आहे. देवास आणि धारच्या दोन घरांतून अशाच उभ्या राहून गळणाऱ्या गाड्यांसाठी बोलावणं आलंय. चाललं तर चाललं. तुझी वहिनी म्हणते की चालेल.

आता त्या जागेचं. राग वगैरे काही नाही, वेडे. धनेशरावांच्या फॉर्मवर पहिल्याच ओळीत ‘सिक्युरिटी’ छापलं होतं. एवढं इंग्रजी मला येतं. ऑगस्टपासून माहीत होतं. सही करून तो मी गादीखाली ठेवला होता, आणि तू स्टोअर म्हणत राहिलीस तर मीही स्टोअरच म्हणणार होतो, वहिनीपाशीसुद्धा. तेव्हा मी येणार होतो. आता नाही येत.

धनेशरावांचा शब्द मात्र खाली पडू द्यायचा नाही. मिलमधला माझ्याबरोबरचा संताजी आहे, घरात चार लेकरं, तो आनंदाने येईल. त्याचा फॉर्म सोबत जोडला आहे.

आणि भाऊबीजेला आम्ही तिघं पुण्याला येतोय. जयसिंगरावांची थोरली बहीण तिथे आहे, अकरा वर्षांत भेट नाही. ते म्हणतात की गाडीला चालणं हेच औषध ना, मग चला. पक्कं लायसन्स दिवाळीआधी हातात येईल. ते शेजारी बसणार, वहिनी मागे पोथी वाचत बसणार, आणि चालवणार मी. ताट तयार ठेव, तुझ्या गल्लीत एवढी लांब गाडी वळते का ते धनेशरावांना पावलांनी मोजून ठेवायला सांग. थोरला म्हणून आशीर्वाद देतोच आहे, पण या खेपेला ओवाळताना तूही मला एक दे.

तुझा
दादा