मंगळाला लांबून वळसा

अमळनेर, ५ जानेवारी २०२५

चि. मयुरीस अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला चौकटींचा कागद आणि यानांच्या शर्यतीचे नियम चार वेळा वाचले. डोक्यात काही शिरेना. फोनवर मला ऐकू येत नाही म्हणून पत्राने खेळायचं, ते ठीक. पण यान एकदा दोन घरं सरकवलं, तर पुढच्या चालीला आपोआप आणखी दोन घरं का जातं? याला ब्रेक कुठे आहे?

माझ्या पाच चाली या कागदाच्या मागे लिहिल्यात. मंगळापासून लांबून नेलंय. तो ओढतो, असं तूच लिहिलंस. तुझ्या पत्रिकेतही तोच बसलाय, म्हणून विकासच्या स्थळाला मी नाही म्हणतोय. मुलगा चांगला आहे, म्हणूनच. रागावू नकोस.

तुझा गोंधळलेला आजोबा,
पांडुरंग

लिंबायत, सुरत, १६ जानेवारी २०२५

ती. आजोबांस सा. न. वि. वि.

तीस वर्षं इथे लूम चालवलेत तुम्ही! बटण बंद केलं तरी चाक फिरायचंच ना? यानाचंही तसंच. चालीला एकच घर वेग कमी होतो. मंगळ टाळायला तुम्ही एवढा वेग घेतलात की आता कागदाबाहेर जाणार. मी माझं यान त्याच्या शेजारून नेलं. त्याच्या ओढीनेच यान वळलं आणि शर्यत संपते त्या गुरूला पोचलं.

विकासची माणसं दोन फेब्रुवारीला येतायत. पप्पा म्हणतात, आजोबा हो म्हणतील तरच. मंगळाचं मी विकासला पहिल्याच भेटीत सांगितलंय. तो गोंधळला आणि विषय बदलून त्याने मला तिखट किती लागतं ते विचारलं. तुम्हाला भीती नक्की कसली वाटते? एकदा लिहा ना.

तुमच्या मायेची हक्कदार,
मयुरी

अमळनेर, २४ जानेवारी २०२५

चि. मयुरीस अनेक आशीर्वाद.

यान कागदाबाहेर गेलं. शेजारच्या वाल्मिकने दुसरा कागद चिकटवून दिला, त्यावरूनही गेलं. का हरलो, अजून समजत नाही.

मंगळ माझ्याही पत्रिकेत होता. तुझ्या आजीच्या वडिलांना आम्ही दुसरीच पत्रिका दाखवली. लग्नाच्या अकराव्या वर्षी अनुसया गेली. डॉक्टर कावीळ म्हणाले, मी मनात मंगळ म्हणालो. चाळीस वर्षं तेच म्हणत आलो. आता कळेनासं झालंय, मी मंगळाला भ्यालो की स्वतःच्या खोटेपणाला.

तू विकासला सांगितलंस. मी अनुसयेला एकदाही सांगितलं नाही. ती घाबरली असती की हसली असती, हे आता कुणाला विचारू?

दोन तारखेला येतो. सुपारी मीच फोडीन.

तुझ्यावर जीव असलेला,
आजोबा