गुडघा उत्तम आहे

२२ जुलै
कॅम्प सुरू. कॉलेजच्या वसतिगृहात तीच खोली, तोच आखूड पलंग. अमेरिकन फुटबॉलमधला माझा बारावा हंगाम. तो संपला की करार संपतो. त्याआधी, म्हणजे याच कॅम्पमध्ये, संघ करार तीन वर्षांनी वाढवणार. तसं अजून कोणी म्हणालेलं नाही. पण त्यांच्या जागी मी असतो तर वाढवला असता.

संकल्प: उजव्या गुडघ्याबद्दल कोणाशी बोलायचं नाही. इथेही लिहायचं नाही.

२३ जुलै
उजवा गुडघा उत्तम आहे.

२५ जुलै
जेवताना ऑलरेड शेजारी आला. यंदाच कॉलेजातून घेतलेला, मानेला सुरकुती नसलेला. विचारत होता, इतकी वर्षं कसे टिकलात? सांगितलं: मी क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याच्या, डाव्या हाताला उभा राहतो. त्याच्या अंगावर येणाऱ्याला अडवतो. संपलं. बारा वर्षांत चेंडू एकदा माझ्या हातात आला, तोही चुकून. घाबरून टाकून दिला.

फेतूने आज संघाच्या डॉ. ओकेकींना सांगितलं की खांदा दुखतो. आपल्या पायांनी चालत गेला आणि सांगून आला! पाच वर्षं माझ्या शेजारी खेळतोय, ताकद बैलाची, पण अक्कल नाही. कराराच्या शेवटच्या वर्षात डॉक्टरकडे? बिचारा. संपला.

मी कोणाचाही करार त्याच्या जिना उतरण्यावरून सांगू शकतो. कठडा धरणारा: दोन वर्षं. तिरका उतरणारा: एक. मी सामानाच्या लिफ्टने जातो.

२९ जुलै
कोच म्हणाले, व्हॅन, आज तू आराम कर. आराम किमती माणसांनाच मिळतो. चांगल्या ताटल्या कोणी रोज काढत नाही.

माझ्या जागी ऑलरेड उभा राहिला. पहिलं पाऊल कसं टाकायचं, हात कधी उचलायचे, सगळं बाजूने ओरडून सांगितलं. कोच म्हणाले, तुझ्यासारखं शिकवणारं कोणी नाही. संध्याकाळी ल्यूआनला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, अरे, तू तुझीच जागा त्याला शिकवतोयस. माझी बायको दातांच्या दवाखान्यात काम करते. तिला सगळीकडे कीड दिसते.

२ ऑगस्ट
पुन्हा आराम. कंटाळून सरावाचा लोखंडी गाडा ढकलायला गेलो तर ट्रेनर धावत आला. म्हणाला, नको नको, वरून सांगितलंय, तुला काही होता कामा नये.

वरून! म्हणजे मिस्टर कोलियर. कोणाला ठेवायचं, कोणाला किती द्यायचं, सगळं त्यांच्या हातात. हल्ली रोज सकाळी कुंपणापाशी येतात. गुडघा कसा आहे, व्हॅन? मी म्हणतो, उत्तम. ते म्हणतात, वा. माझ्या सासऱ्यांनी आजवर माझी एवढी चौकशी केलेली नाही.

५ ऑगस्ट
उजवा गुडघा थोडा मोठा दिसतो. आरशात दोन्ही ताडून पाहिले. डावाच जरा बारीक आहे.

८ ऑगस्ट
सुट्टी. ग्लेनकडे जाऊन आलो. ग्लेन ल्यूआनचा भाऊ, गुरांचा डॉक्टर. संघाच्या डॉक्टरला दाखवलं की ते नोंदीत येतं. ग्लेनच्या नोंदीत फक्त गाई.

गोठ्यात खांबाला टेकवून त्याने गुडघ्यातलं पाणी काढलं. सुई बघितली नसती तर बरं झालं असतं. म्हणाला, भावोजी, हे आत नुसतं खडखडतंय. गाय असती तर मालकाला बाजूला घेऊन बोललो असतो. मी म्हणालो, मी गाय नाही. तो म्हणाला, तेच तर. गाय लंगडते तेव्हा लपवत नाही.

परत येताना गुडघा पंचविशीतला वाटत होता. हायवे लागेपर्यंत.

११ ऑगस्ट
पहिला सराव सामना. मला मैदानात उतरवलं नाही. फेतूही बाहेरच, खांद्यावर बर्फ बांधून. म्हणाला, काय आजोबा, लग्नात आलेला आहेर आहात का? खोक्यातून काढतच नाहीत तुम्हाला. मी म्हणालो, जळतोस.

ऑलरेडच्या बाजूने क्वार्टरबॅकला कोणी शिवलंसुद्धा नाही. चांगला शिकवलाय त्याला.

१४ ऑगस्ट
फेतूचा करार चार वर्षांनी वाढवला. खांद्यासकट.

मिस्टर कोलियर त्याला म्हणाले म्हणे, तुझं काय बिघडलंय ते आम्हाला माहीत आहे. जे माहीत आहे त्याचा अंदाज बांधता येतो. भीती वाटते ती माहीत नसलेल्याची. संध्याकाळी फेतूने सगळ्यांना भाजलेली सॉसेजेस आणि तळलेलं चीज खाऊ घातलं. त्याची आई मोठ्याने रडली, मग मोठ्याने हसली, मग माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाली, आता तुझा नंबर हं.

अगदी खरं. दुखऱ्या खांद्याला चार वर्षं, तर ज्याच्या नावावर दुखण्याची एकही नोंद नाही त्याला किती? हिशोब सरळ आहे.

१७ ऑगस्ट
माझ्या एजंटचा, ट्रस्कचा फोन. कोलियर माझे फोन घेत नाहीत, म्हणाला. मी म्हणालो, कामात असतील. तो म्हणाला, व्हॅन, नीट ऐक. तुला खेळवत नाहीत, गाडा ढकलू देत नाहीत, हे कौतुक नाही रे बाबा. कॅम्पमध्ये जखमी झालेल्याला असंच काढता येत नाही. काढलं तर हंगामाचा पगार, ऑपरेशन, सगळं संघाच्या गळ्यात. धडधाकट माणसाला नुसतं थँक्यू म्हणून घरी पाठवता येतं. सव्वीस तारखेला यादी छाटणार. तोवर ते तुला धडधाकट ठेवतायत. आता खरं सांग. दुखतोय ना?

मी म्हणालो, नाही.

मग म्हणाला, दुखत असेल तर छाटणीआधी डॉक्टरला सांग. नंतर गळा काढून उपयोग नाही.

एजंट लोकांना खेळ कळत नाही. दुसरा बघायचा. नव्या करारानंतर.

१९ ऑगस्ट
न्हाणीत गुडघा अडकला. वाकलेला तसाच राहिला, सरळ होईना. नळाला धरून उभा राहिलो. बाहेरून फेतू ओरडला, आजोबा, आमच्यासाठी गरम पाणी ठेवा! मी गाणं म्हणायला लागलो, म्हणजे कोणाला शंका येऊ नये. गाणी मला दोनच येतात. दोन्ही दोनदा झाली तेव्हा आत काहीतरी कट्‌ वाजलं आणि सुटला.

दुपारी डॉ. ओकेकींच्या दारापर्यंत गेलो. दार उघडंच होतं. म्हणाले, ये, काय रे? म्हणालो, वजन करायचंय. वजन केलं. एकशे बेचाळीस किलो. परत आलो.

२२ ऑगस्ट
ल्यूआन भेटायला आली. चीजकेक आणला होता. मी पँट गुडघ्याच्या वर जाऊ देत नव्हतो. तिने सरळ वर केली. बघत राहिली. म्हणाली, मला तीन वर्षं नकोत रे. मला म्हातारपणी तळ्याच्या कडेने माझ्याबरोबर चालणारा नवरा हवाय. उद्या जा आणि सांग. नाहीतर मी सांगते.

म्हणालो, तू माझा करार मोडशील.

म्हणाली, आहे कुठे करार?

शेवटी तिने शब्द दिला, बोलणार नाही म्हणून. पण जाताना जवळ आली नाही. गाडीतूनच हात केला. चीजकेक तसाच आहे.

२५ ऑगस्ट
तपासणी. छाटणीच्या आदल्या दिवशी फक्त माझी. इतरांना बोलावलं नाही. म्हणजे करारासाठीच असणार.

ग्लेन सकाळी गाडी घेऊन आला. पार्किंगमध्येच पाणी काढलं. मागे एक वासरू बांधलेलं होतं, ते सगळा वेळ माझ्याकडे बघत होतं. ग्लेन म्हणाला, भावोजी, यापुढे मी नाही. माझं लायसन्स गुरांचं आहे, गाढवांचं नाही.

डॉ. ओकेकींनी गुडघा वाकवला, दाबला, फिरवला. मी छताकडे बघून ऑलरेडची स्तुती करत होतो. मग एका पायावर उड्या मारायला सांगितलं. उजव्या. मारल्या. डोळ्यांतून पाणी आलं. म्हणालो, परागकणांची ॲलर्जी. ऑगस्टमध्ये पटण्यासारखं आहे.

त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, व्हॅन, मी आज लिहीन तेच उद्यापासून खरं धरतील. तुला काही सांगायचं असेल तर मी थांबतो.

आणि खरंच थांबले. बाहेर मैदानावर शिट्ट्या वाजत होत्या. कोपऱ्यात प्लॅस्टिकचा सांगाडा होता. त्याचे गुडघे चांगले होते.

म्हणालो, उत्तम आहे.

त्यांनी लिहिलं: खेळण्यास पात्र. खाली दोघांच्या सह्या. माझी मोठी.

जिंकलो. ल्यूआनला फोन केला, पास झालो म्हणून. ती म्हणाली, बरं. उद्या घ्यायला येते. मी म्हणालो, घ्यायला कशाला? तिने ऐकलं नसावं.

२६ ऑगस्ट
सकाळीच दारावर टकटक. ट्रेनर. म्हणाला, कोलियरसाहेबांनी बोलावलंय. प्लेबुक घेऊन ये. व्हरांड्यातली पोरं एकदम आपापल्या बुटांच्या नाड्या बांधायला लागली. नव्या कराराबरोबर डावपेचांचं नवं प्लेबुक देत असतील, जुनं परत घेत असतील. बारा वर्षांत असं कधी झालेलं नाही, पण नियम बदलतात.

मिस्टर कोलियरांच्या खोलीत सोफा आहे. मऊ, जमिनीलगतचा. बस म्हणाले. बसलो.

म्हणाले, आधी गुडघ्याचं सांग. म्हणालो, उत्तम. त्यांनी डोळे मिटले, उघडले. म्हणाले, डॉक्टरही तेच म्हणतात. फार बरं झालं. मग बारा वर्षांचे आभार मानले. ऑलरेडला तयार केलंस, संघ विसरणार नाही, म्हणाले. तुला मोकळं करतोय, व्हॅन. तू धडधाकट आहेस म्हणून मला रात्री झोप तरी लागेल.

हात पुढे केला. मी हातात हात दिला आणि उठायला गेलो.

उठता येईना.

म्हणालो, सोफा छान आहे. ते म्हणाले, हो ना. दुसऱ्यांदा जोर लावला. तोंडातून आवाज निघाला, तो खोकल्यात घातला. तिसऱ्यांदा लावलाच नाही. त्यांनी बाहेरून सेक्रेटरी बाईंना बोलावलं. एका काखेत त्या, एका काखेत ते. उभा केला. बाई म्हणाल्या, अगं बाई, दुखतंय का कुठे?

मी कोलियरांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत होते. हात माझ्या काखेत तसाच, श्वास रोखलेला.

म्हणालो, नाही.

ल्यूआन बाहेर गाडीत होती. माझी बॅग तिने आधीच मागे टाकली होती. आत बसायला वेळ लागला. तिने किल्ली फिरवायच्या आधी म्हणालो, ल्यू, गुडघा दुखतो. खूप दुखतो. जुलैच्याही आधीपासून.

ती म्हणाली, मला काय सांगतोस?